निधी संकलनाचा प्रमुख बदलताना: बाहेरचा जाणकार की आतला माणूस?

गेल्या सहा वर्षांत आमच्या संस्थेने निधी संकलनाचा प्रमुख दोनदा बदलला. पहिल्या वेळी बाहेरून अनुभवी माणूस आणला. दुसऱ्या वेळी फील्डवर नऊ वर्षं काढलेल्या आमच्याच एका सहकारी बाईंकडे जबाबदारी दिली. दोन्ही वेळा निवड समितीत मी होतो. जमीन विकत घेऊन किंवा मालकाशी कायमचा करार करून ती राखणाऱ्या संस्थेत तुम्ही विश्वस्त असाल आणि हाच पेच समोर असेल, तर कदाचित याचा उपयोग होईल. अनुभव एका संस्थेचा आहे, त्याला तेवढंच वजन द्या.

बाहेरून आलेल्या गृहस्थांनी आधी रुग्णालयांसाठी निधी उभारला होता. त्यांच्याकडून जे शिकलो ते आम्ही आजही वापरतो. देणगीदारांची माहिती तोवर तिघांच्या डोक्यात आणि दोन वह्यांत विखुरलेली होती, ती त्यांनी एका जागी आणली. कबूल केलेली देणगी आली नाही तर किती दिवसांनी फोन करायचा, हे ठरवून दिलं. इच्छापत्रात संस्थेचा उल्लेख करण्याचा विषय आमच्यापैकी कुणी कधी काढलाच नव्हता. ते तो समोरच्याचा मान राखून काढायचे. आणि ते आकडा तोंडाने बोलायचे. ‘जमेल तेवढं द्या’ असं त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही. जमिनीचा व्यवहार मुदतीत पुरा करावा लागतो, विकणारा आपल्यासाठी थांबून राहत नाही. तिथे हा गुण फार मोठा ठरतो.

अडलं ते रोपट्याच्या चित्रापाशी.

आमच्याकडची सर्वांत मोठी जमीन म्हणजे गवताळ माळ आहे. झाडं तुरळक, आणि ती तशीच राहायला हवीत. पहिल्या आवाहनपत्रावर ओंजळीतल्या रोपट्याचं चित्र आलं आणि खाली ‘ओसाड जमीन हिरवी करू या’ असं वाक्य. मी सांगितल्यावर त्यांनी ते काढलं. पुढच्या पत्रावर रोपटं पुन्हा हजर. त्यांचं म्हणणं असं, की झाड माणसाला पाहताक्षणी कळतं, गवत समजावून सांगावं लागतं. यात खोटं काही नव्हतं, त्या पत्रांना प्रतिसादही बरा यायचा. पण येणारा पैसा झाडांच्या नावाने यायचा, आणि देणगी ज्या कामासाठी घेतली त्याच कामावर खर्च करावी लागते. त्यामुळे हद्दीवरून चालत पाहणी करायला, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढायला, बाहेरून आलेलं तण उपटायला हात आखडलेला, आणि जिथे एकही झाड लावायला नको तिथे झाडं लावायचे पैसे खात्यात पडून.

गवताळ प्रदेशाचा बहुतेक कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठलेला असतो. तिथे खड्डे खणून दाट झाडी उभी केली, की शिकारी पक्ष्यांना टेहळणीची जागा मिळते आणि जमिनीवर घरटं करणारे चंडोल हटतात. हे सगळं त्यांना आम्ही सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, टिपूनही घेतलं. तरी लिहायला बसले की हाताखाली रोपटंच यायचं.

एक आभारपत्र मला अजून आठवतं. एका वयस्क बाईंनी वडिलोपार्जित माळ आमच्या हवाली केला होता. त्यांच्या वडिलांनी तो कधी नांगराखाली जाऊ दिला नव्हता. त्यांना छापील पत्र गेलं, ‘तुमच्यामुळे या उजाड जागी वन उभं राहील.’ बाईंचा मला फोन आला. त्या रागावल्या नाहीत. ‘तुमच्यापैकी कुणी तिथे जाऊन आलं होतं का?’ एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. माझ्यापुरता निर्णय त्या फोनवर झाला.

आतल्या माणसाची अडचण अगदी उलट, आणि तीही लहान नाही. आमच्या सहकारी पहिल्या काही भेटींत देणगीदारासमोर दीड-दीड तास जमिनीविषयी मन लावून बोलायच्या आणि आकडा न काढताच परत यायच्या. मागायचा संकोच वाटायचा. त्या वर्षी एका ओढ्याकाठचा तुकडा पैसे वेळेत न जमल्यामुळे हातचा गेला. आता तिथे बांधकाम आहे, आणि त्याचं दुःख मला आहे. शिवाय फील्डवरचं त्यांचं काम सांभाळायला नवा माणूस तयार होईपर्यंत दोन मोसम गेले. हा खर्च कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही, पण तो धरूनच चाला.

यावर उपाय मात्र सापडला. मोठ्या भेटीला एक विश्वस्त सोबत जाऊ लागला, आणि निघण्यापूर्वी आकडा मोठ्याने म्हणून बघायचा असा आम्ही नेमच केला. सहा-आठ महिन्यांत त्यांची भीड चेपली. झाडांसाठी देणाऱ्यांना त्यांनी एकेक करून माळावर नेलं, गवताच्या बुंध्याशी असलेलं घरटं दाखवलं आणि देणगीचा हेतू बदलून ‘देखभाल’ करण्याची लेखी संमती मागितली. बऱ्याच जणांनी दिली. नाही म्हणणाऱ्यांचे पैसे आम्ही परत केले. पहिल्या गृहस्थांनाही आम्ही माळावर पुरेसं फिरवलं असतं तर निकाल वेगळा लागला असता का? लागलाही असता. ती चूक आमची.

जमीन स्वतः फिरून ओळखणारी माणसं काय करू शकतात, याची एक जुनी गोष्ट आहे. 1955 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात मियानस नदीच्या घळीतली 60 एकर जागा वाचवण्यासाठी तिथल्या लोकांनी स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण म्हणून पुढे केल्या. द नेचर कॉन्झर्व्हन्सी या जमिनी राखणाऱ्या अमेरिकी संस्थेने 7,500 डॉलर दिले ते परतफेडीच्या अटीवर, म्हणजे तोच पैसा पुढच्या जमिनीला लागावा. अशी धडाडी पगारावर मिळत नाही.

पण आतला माणूस म्हणजे निर्धास्त, असंही नाही. निसर्ग आणि वारशाच्या जागा जपणाऱ्या ब्रिटनमधल्या नॅशनल ट्रस्टने 1965 मध्ये किनारे वाचवण्यासाठी एंटरप्राइझ नेपच्यून ही मोहीम काढली, लक्ष्य 20 लाख पौंडांचं. तिचे संचालक कॉनरॅड रॉन्सली हे ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एकाचे नातू, घरचेच म्हणायचे. दोन वर्षं होण्याआधीच त्यांना दूर करावं लागलं. मोहीम कोणी आणि कशी चालवायची यावरून पेटलेला वाद 1967 मध्ये सभासदांच्या विशेष सभेपर्यंत गेला आणि त्यातून ट्रस्टच्या कारभाराची चौकशीही झाली. तेव्हा माणूस आतला असला तरी तो कोणाला उत्तरदायी आहे, हे नेमणुकीच्या दिवशीच कागदावर लिहा.

बाहेरच्याला नेमणार असाल तर जमलेल्या रकमेवर टक्केवारी कबूल करू नका. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या व्यावसायिकांच्या संघटनेची आचारसंहितासुद्धा तसा मोबदला घ्यायला मनाई करते. चांगला जाणकार ती मागणारही नाही.

संस्था अगदी नवी असेल, किंवा एका मोठ्या खरेदीची मुदत वर्षभरावर आली असेल, तर मी आजही बाहेरचा अनुभवी माणूस आधी बघेन. जमिनी हातात आहेत आणि प्रश्न त्या पुढची पन्नास वर्षं सांभाळण्याचा आहे, अशा संस्थेत मात्र माझा कौल आतल्याकडे जातो. माझा आग्रह नाही. फक्त मुलाखतीआधी दोन्ही उमेदवारांना दिवसभर जमिनीवर फिरवा, आणि संध्याकाळी तिथेच बसवून त्या जमिनीसाठी पैसे देणाऱ्या एखाद्या माणसाला आभाराचं पत्र लिहायला सांगा. दोन्ही पत्रं विश्वस्तांच्या बैठकीत मोठ्याने वाचा. पहिल्या नेमणुकीच्या वेळी हे आम्हाला सुचलं नव्हतं.