फुलब्राइट इंग्रजी अध्यापन साहाय्यक अनुदान : अर्जप्रक्रियेचे परीक्षण

परदेशातील शाळेत किंवा विद्यापीठात शैक्षणिक वर्षभर तेथील इंग्रजीच्या शिक्षकांना साहाय्य करण्यासाठी अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट कार्यक्रमातून मिळणारे हे अनुदान केवळ अमेरिकी नागरिकांसाठी आहे. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा बे एरियात वाढलेल्या मराठी घरांतील नव्या पदवीधरांनी त्याचा विचार जरूर करावा. विद्यार्थी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यांना मात्र अर्ज करता येत नाही. अर्जाला शुल्क नाही, आणि प्रवासखर्च व निर्वाहभत्ता अनुदानातूनच मिळतो.

या प्रक्रियेतील सर्वांत कसदार भाग म्हणजे उद्देशाचे निवेदन. ते एकाच पानात बसवावे लागते, आणि ही मर्यादा मला फार योग्य वाटते. ओळखीतल्या मुलांचे जे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात, त्यांतले निम्मे पान बहुधा प्रवासाच्या आवडीवर आणि संस्कृतींच्या संगमावर खर्ची पडलेले असते. वर्गातली मुले तोंडच उघडायला तयार नसतील तर तुम्ही काय कराल, हे परीक्षकाला हवे असलेले उत्तर शेवटच्या दोन ओळींत दाटीवाटीने कोंबलेले असते. शिकवणी, ग्रंथालयातील वाचनवर्ग, मराठी शाळेतील रविवारची सेवा असा प्रत्यक्ष अनुभव आधी यावा. एका वर्षी एकाच देशासाठी अर्ज करता येत असल्याने देशनिवडीचे कारणही भक्कम हवे. भारत निवडताना ‘आजोळची ओढ’ पुरेशी ठरत नाही (आजी-आजोबांना हे पटवणे अवघड, हे मान्य).

विद्यापीठातील फुलब्राइट सल्लागाराची मदत ही या व्यवस्थेची खरी जमेची बाजू आहे. राष्ट्रीय मुदत साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात संपते, परंतु विद्यापीठाची अंतर्गत मुदत त्याच्या बरीच आधी असते. म्हणून तीन शिफारशींसाठी प्राध्यापकांना उन्हाळ्यातच गाठावे.

गैरसोय आहे ती प्रतीक्षेची. पहिल्या चाळणीचा निकाल जानेवारीच्या सुमारास लागतो आणि अंतिम निकाल वसंतापर्यंत, कधी त्याहूनही उशिरा, लांबतो. अंतिम निवड करणाऱ्या मंडळाच्या बहुतेक सदस्यांनी ट्रम्प प्रशासन निवडींमध्ये ढवळाढवळ करत असल्याचा आरोप करून जून २०२५ मध्ये राजीनामे दिले, तेव्हापासून या टप्प्याबद्दल पूर्वीइतक्या खात्रीने बोलणे मला जमत नाही. नोकरीच्या मुलाखती या काळात थांबवू नयेत.