फ्रेंच मशीनची मॅन्युअल्स आणि टर्मियम प्लस: काही महिने वापरल्यानंतर

बुटीबोरीतल्या एका कारखान्यासाठी फ्रेंच मशीनची मेंटेनन्स मॅन्युअल्स इंग्रजीत करून राहिलो, आणि उन्हाळ्यापासून टर्मियम प्लस रोज उघडं असतं. कॅनडा सरकारची टर्म बँक आहे, म्हणजे तांत्रिक शब्दांचा ऑनलाइन कोश, २००९ पासून सगळ्यांना फुकट, लॉगिनही लागत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे प्रत्येक नोंदीवर विषय लिहिलेला असतो, आणि मेकॅनिकलमध्ये अर्धं काम तिथेच होतं. फ्रेंच 'ज्वँ' (joint) घ्या. तो ऑइल सील असू शकतो, गॅस्केट असू शकतो, कार्डनवाला युनिव्हर्सल जॉइंट पण तोच, आणि 'ज्वँ तोरिक' म्हटलं की सरळ ओ-रिंग. नुसतं जॉइंट लिहून दिलं तर स्टोअरवाला पार्ट काढणार कोणता? 'व्हेरँ' कुठे हायड्रॉलिक सिलिंडर तर कुठे जॅक. 'कोंत्रँत' डिझाइनच्या गणितात आलं की स्ट्रेस, कन्स्ट्रेंट नाही, आणि 'एफोर' म्हणजे फोर्स. विषय बघायची सवय लागली की हे पटापट सुटतं.

पण माल कॅनडाचा आहे, त्यामुळे इंग्रजी शब्द बरेचदा अमेरिकन वळणाचा मिळतो. आपल्या फिटरला सर्क्लिप आणि स्पॅनर असे ब्रिटिश वळणाचे शब्द कळतात, म्हणून मी युरोपियन युनियनची टर्म बँक आयएटीई पण शेजारी उघडी ठेवतो, तरी शेवटचा शब्द शॉपफ्लोअरवर विचारूनच पक्का करतो.

आणि टर्म बँक फक्त शब्द देते, आकडे तुम्हालाच सांभाळायचे. जुन्या फ्रेंच मॅन्युअलमध्ये 'कूप्ल द सेराज', म्हणजे टाइटनिंग टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा ते), डेकान्यूटन-मीटरमध्ये (एक म्हणजे दहा न्यूटन-मीटर) असतो आणि दशांशाच्या जागी कॉमा असतो. ४,५ लिहिलंय ते साडेचार, आणि आपल्या टॉर्क रेंचवर ते ४५ न्यूटन-मीटर झालं. हा कॉमा कोणी विसरून ४५ डेकान्यूटन-मीटर वाचला तर ४५० न्यूटन-मीटर होतात, बोल्ट तुटलाच समजा. म्हणून मी टॉर्कचे सगळे टेबल वेगळे काढून दोनदा तपासतो, भाषांतर झाल्यावर, आणि जमलं तर दुसऱ्या माणसाकडून.

कोणी हे काम नवीन घेत असेल तर कंपनीकडून मॅन्युअलसोबत असेंब्ली ड्रॉइंग आणि पार्ट लिस्ट मागून घ्याच, फ्रेंचमध्ये तिला 'नोमांक्लात्युर' म्हणतात. 'पालिए' म्हणजे बेअरिंग की त्याचं हाउसिंग, हे ड्रॉइंगवरचा नंबर बघितल्याशिवाय टर्मियमही सांगू शकत नाही.