समुद्राला लागून वाडी घ्यावी की गावठाणामागची जागा?

कोकण किनाऱ्यावर घरासाठी जागा शोधणाऱ्यासमोर बहुधा दोन पर्याय येतात: पुळणीला टेकलेली नारळी-पोफळीची वाडी, किंवा गावठाणाच्या पाठीमागची थोडी चढावरची जागा. गुंठ्याचा दर पहिल्या जागेचा जास्त सांगितला जातो आणि सातबारा दोन्हींचा सारखाच दिसतो. त्या जागेवर काय करता येईल, हे मात्र त्यावरून कळत नाही.

ते ठरते किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधने घालणाऱ्या किनारपट्टी नियमनावरून (सीआरझेड). त्याची पहिली अधिसूचना १९९१ची, त्यानंतरच्या २०११ आणि २०१९च्या. २०१९च्या अधिसूचनेनुसार, २०११च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर, तर त्याहून विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवे घर बांधता न येणारा पट्टा, धरले जाते. 'आता पन्नासच मीटर सोडायचे' असे दलाल छातीठोकपणे सांगतात. पण त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची घनता दोनशेच्याही आत आणि सिंधुदुर्गाची त्याहून कमी होती, त्यामुळे इथल्या बहुतेक खेड्यांना २०० मीटरच लागू होतात, असे धरून चालावे.

या पट्ट्यातल्या मालकाला बागायत करता येते, जागा विकता येते आणि अधिकृत जुने घर असल्यास मूळ जोते व चटईक्षेत्र न वाढवता दुरुस्त करता येते. स्थानिकांना अशा घराचे जोते आणि दर्शनी रूप न बदलता घरगुती निवासव्यवस्थाही चालवता येते. म्हणजे वाडीत घर असेल, तर खरी किंमत त्या जांभ्याच्या जोत्याची असते. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या, उताऱ्यावर लिहिलेले क्षेत्रफळ टेप लावून पडताळावे. मागाहून ओढलेली पडवी उताऱ्यात नसेल, तर तिचे पैसे मोजू नयेत.

मागची जागाही पूर्ण मोकळी नसते. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात घराला वाव आहे, पण पारंपरिक हक्क व गावठाणाच्या चौकटीत, ९ मीटर उंचीपर्यंत आणि तळमजला अधिक एक मजला एवढाच; बाहेरून आलेल्या खरेदीदाराने हा हक्क आपोआप मिळेल असे समजू नये. ५०० मीटरच्या पुढे समुद्राकडचे हे बंधन संपते, तरी शेजारी खाडी असेल तर तिच्या काठाचे अंतर वेगळे मोजले जाते. महसूल संहितेच्या ४२-ड कलमाने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत निवासी वापर सोपा केला आहे. ही सवलत गावठाणापासून मोजतात आणि किनाऱ्याचे बंधन भरतीरेषेपासून; व्यवहारात या दोन 'दोनशे मीटर'ची सर्रास गल्लत होते, कधी जाणूनबुजून. जमीन शेतीची असेल, तर कुळकायद्याच्या ६३व्या कलमामुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती घेताच येत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

किमतीचा खरा खेळ इथे आहे. पुढच्या वाडीत इमारत उभी राहणार नाही, म्हणूनच मागच्या जागेवरून समुद्र दिसत राहतो. एकाच्या हातून गेलेले स्वातंत्र्य दुसऱ्याच्या दरात जमा होते आणि जमीन सरकारने संपादित केलेली नसल्याने पहिल्याला मोबदला मिळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाडी राखलेल्या कुटुंबाची तक्रार मला रास्त वाटते, जरी धूप आणि उधाण पाहता नियमही अनाठायी नाही. मात्र आज वाडीचा चढा दर देणारा खरेदीदार नियम पुढे सैल होतील यावर पैसे लावत असतो.

नवे घर बांधायचे असेल, तर मी मागचीच जागा घ्यावी असे म्हणेन. नुसती बागायत हवी असेल, किंवा उताऱ्यावरचे जुने घर आहे तेवढेच पुरणार असेल, तर वाडी घ्यायला हरकत नाही, पण बागायतीच्या दराने. दोन्ही बाबतींत इसार देण्यापूर्वी किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावर गट नंबर बसवून घ्यावा आणि सातबारा सामाईक असल्यास मुंबईत राहणाऱ्या हिस्सेदारांसह सर्वांच्या सह्या मागाव्यात.