न बदललेल्या स्टीअरिंग रॅकचे २३,४०० रुपये

माझी आठ वर्षे वापरलेली पेट्रोल हॅचबॅक मे महिन्यात वळताना आवाज करू लागली. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीतून गाडी बाहेर काढताना स्टीअरिंग पुरते फिरवले की आधी तार पिळल्यासारखी कुरकुर होई आणि मग डाव्या चाकाच्या बाजूने 'ठक्' असा एकच ठोका बसे, जो स्टीअरिंगवरच्या हातालाही जाणवे. सरळ रस्त्यावर गाडी गप्प असे. त्याच आठवड्यात पत्नीच्या माहेरी वैभववाडीला जायचे होते, म्हणजे गगनबावड्यापुढचा करूळ घाट उतरायचा होता, आणि हे मी गॅरेजमध्ये पाऊल ठेवताच बोलून बसलो.

गॅरेज मोठे आणि चकचकीत आहे. प्रकरण मिटलेले नसल्याने त्याचे नाव येथे देत नाही. तिथल्या फोरमनने गाडी जॅकवर घेतली, पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरून डावी-उजवीकडे हलवले आणि ते हलते आहे हे मला दाखवून म्हणाला, "बघा सर, रॅकमध्ये केवढा प्ले आहे. घाटात स्टीअरिंग जाम झाले तर जबाबदारी आमची नाही." रॅक म्हणजे स्टीअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोचवणारा दांडा आणि प्ले म्हणजे त्यातला ढिलेपणा. चाक असे तपासताना आत बसून कोणीतरी स्टीअरिंग घट्ट धरून ठेवावे लागते, नाहीतर चाकाबरोबर अख्खे स्टीअरिंगच फिरते आणि निरोगी गाडीतही 'प्ले' दिसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आत कोणीही बसलेले नव्हते. घाटाचे नाव ऐकल्यावर माझी विचारशक्ती तशीही थांबलीच होती.

रॅक बदलायला मी होकार दिला. संध्याकाळी गाडी मिळाली, आवाज खरोखरच गेला होता. पावतीवर रॅकचे १८,५००, मजुरीचे ४,००० आणि व्हील अलाइनमेंटचे ९०० असे एकूण २३,४०० रुपये हाताने लिहिले होते. पक्के बिल मागितले तर "टॅक्स वाढेल, उगाच कशाला" असे उत्तर मिळाले, आणि जुना रॅक मागितला तर भंगारवाला दुपारीच घेऊन गेल्याचे सांगितले गेले. अलाइनमेंटचा छापील कागदही मिळाला नाही. घाईत मी पैसे दिले, घाट उतरलो आणि सुखरूप परतलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि तोच ठोका पुन्हा सुरू झाला. त्याच गॅरेजला फोन केला तेव्हा आता ॲक्सल, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे दांडे, गेले असावेत, दोन्ही बदलावे लागतील, असे ऐकायला मिळाले. मग एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीला हत्यार लावण्याआधी मोकळ्या जागेत वर्तुळात चालवायला लावली. ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट खराब असेल तर पूर्ण वळणावर ॲक्सिलरेटर दिल्यावर चाकाच्या वेगाबरोबर कट-कट-कट असा सलग आवाज येतो आणि बहुधा त्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून ग्रीस उडालेले असते. माझ्या गाडीत यांपैकी काहीच नव्हते.

नंतर त्यांनी गाडी उभी ठेवून इंजिन चालू केले, मला स्टीअरिंग सावकाश फिरवायला सांगितले आणि स्वतः डाव्या चाकावरच्या स्प्रिंगला बाहेरून तळहात टेकवला. स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटे घालायची नाहीत, हेही त्यांनी बजावले. स्टीअरिंगबरोबर स्प्रिंग मोकळी फिरायला हवी होती, ती अडून पिळली जात होती आणि मग झटक्याने सुटत होती. तो झटका म्हणजेच माझा ठोका. शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधले बेअरिंग गंजून अडकले होते. पहिल्या गॅरेजने तिथे वंगण मारून आवाज दाबला असावा आणि पावसाने ते धुऊन नेले असावे, असा त्यांचा अंदाज होता.

मी रॅक नवा असल्याचे सांगितले तेव्हा ते बॅटरी घेऊन गाडीखाली गेले आणि मलाही वाकून पाहायला लावले. रॅक काळाभोर चमकत होता, पण त्याच रंगाचे शिंतोडे शेजारच्या रबरी बुटावर उडालेले होते. मिस्त्रींनी नखाने खरवडताच रंगाखालून जुना मळ निघाला. रॅकला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडच्या लॉकनटवर, म्हणजे तो जागेवर घट्ट धरणाऱ्या नटावर, गंजाचा अखंड थर होता आणि आट्यांत वाळलेला चिखल तसाच होता. "सर, ह्या नटाला पाना लागलेलाच न्हाई," ते म्हणाले. रॅक बदलायचा तर टाय रॉड सोडवावे लागतात आणि अलाइनमेंट करायचे तर हाच नट ढिला करावा लागतो, त्यामुळे दोन्ही कामांचा खोटेपणा त्या एका नटावर दिसत होता. मी तिथेच फोटो काढले.

दोन्ही बाजूंची माउंटिंग बेअरिंगसह बदलून, मजुरी धरून, ३,८०० रुपये झाले. जुने भाग मिस्त्रींनी न मागता वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवले.

पहिल्या गॅरेजच्या मालकांनी फोटो पाहून पुढची सर्व्हिसिंग फुकट करून देण्याची तयारी दाखवली, जी मी नाकारली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. कच्ची पावती, फोटो आणि मिस्त्रींनी लिहून दिलेला तपासणीचा कागद जोडून मी गॅरेजला नोटीस पाठवली आहे. पोच आली आहे, उत्तर अजून आलेले नाही.