छोट्या कारसाठी इंजिन ऑइल : ०डब्ल्यू-२० की ५डब्ल्यू-३०, मिनरल की सिंथेटिक?

छोट्या कारसाठी ऑइल निवडताना दोन वेगळे प्रश्न बहुधा एकत्र करूनच विचारले जातात. ऑइल किती पातळ असावे, म्हणजे त्याचा ग्रेड (०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० वगैरे) कोणता, हा पहिला आणि ते मिनरल (कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले) असावे की सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने घडवलेले), हा दुसरा. पहिल्याचे उत्तर इंजिन बनवणाऱ्याने गाडीच्या मॅन्युअलमध्ये आधीच दिलेले असते. मालकाला खरी निवड करायची असते ती दुसऱ्यात.

तरीही ग्रेडचा अर्थ समजून घेणे गरजेचे आहे, कारण अनेक मॅन्युअलमध्ये एकापेक्षा जास्त ग्रेडना परवानगी असते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या सुरुवातीचा आहे : इंजिन फिरवताना होणारा ऑइलचा विरोध ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंश सेल्सिअसला आणि ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना तपासला जातो. त्यामुळे जिथे पारा शून्याच्या आसपासही क्वचितच जातो, तिथे या दोहोंतला फरक फारसा जाणवत नाही. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनाचा आहे. १०० अंशांना २० ग्रेडची व्हिस्कॉसिटी (म्हणजे दाटपणा) ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असते, तर ३० ग्रेडची ९.३ ते १२.५ च्या दरम्यान. मात्र बेअरिंगचे रक्षण किती होईल हे ठरवताना मी १५० अंशांना, जोराच्या घर्षणाखाली होणारी चाचणी अधिक महत्त्वाची मानतो; तिथे २० ग्रेडला किमान २.६ आणि ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद एवढी व्हिस्कॉसिटी टिकवावी लागते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ०डब्ल्यू-२० इंधन थोडे वाचवते आणि ५डब्ल्यू-३० तापलेल्या, ताणाखालच्या इंजिनात थोडा जाड थर राखते. मॅन्युअल दोन्हींना मान्यता देत असेल, तर शहरातल्या हलक्या वापरासाठी पहिले घ्यावे, आणि भरलेली गाडी घेऊन घाट चढणाऱ्याने किंवा तासन्‌तास वेगात चालवणाऱ्याने दुसरे घ्यावे. मॅन्युअलमध्ये फक्त ०डब्ल्यू-२० असेल, तर ‘जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण’ या समजुतीने २०डब्ल्यू-५० भरू नये. त्या इंजिनाचा ऑइल पंप, बेअरिंगमधली फट आणि ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा हे सगळे पातळ ऑइल गृहीत धरूनच आखलेले असते. जाड ऑइल सुरुवातीला वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज नेमकी त्याच क्षणांत होते. जुने इंजिन ऑइल खात असेल, तर मॅन्युअलमध्ये मान्य असलेल्या ग्रेडपैकी एक पायरी जाड ग्रेड वापरून पाहणे रास्त आहे. पण गळती किंवा पिस्टनच्या रिंगची झीज त्याने दुरुस्त होत नाही.

आता मिनरल आणि सिंथेटिक. सिंथेटिकचे बेस ऑइल, म्हणजे ज्यात बाकीचे घटक मिसळतात ते मूळ तेल, अधिक एकसारख्या रेणूंचे असल्याने ते उष्णतेने कमी उडते, ऑक्सिडेशनला (हवेतल्या ऑक्सिजनमुळे खराब होण्याला) जास्त काळ तोंड देते आणि थंडीत लवकर वाहते. ०डब्ल्यू-२० मिनरलमध्ये सहसा मिळत नाही ते याचमुळे. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनासाठी मी सिंथेटिकखेरीज दुसरे काही सुचवणार नाही, कारण टर्बोच्या बेअरिंगपाशी ऑइल फार तापते आणि साध्या ऑइलचा तिथे कोळसा होऊ लागतो. याउलट, साधे, जुने, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन असेल आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये मिनरल मान्य असेल, तर ते वेळेवर बदलत राहणे पूर्णपणे समाधानकारक आहे. सेमी-सिंथेटिकबद्दल (दोन्हींच्या मिश्रणाबद्दल) मात्र सावध राहावे : त्यात सिंथेटिक बेस किती असावा याचे सर्वमान्य प्रमाण नसल्याने त्या नावाखाली दोन डब्यांत बराच फरक असू शकतो.

एक गैरसमज विशेष महाग पडतो. सिंथेटिक जास्त टिकते म्हणून गाडी कमी चालवणारे लोक ते वर्षानुवर्षे तसेच ठेवतात. पण चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापत नाही, त्यामुळे त्यात उतरलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि ही भेसळ ऑइल कोणत्या बेसचे आहे हे पाहत नाही. अशा वापरात किलोमीटर कितीही कमी असले, तरी मॅन्युअलमधली महिन्यांची मर्यादा पाळावी.

शेवटी डब्यामागचा मजकूर. पेट्रोल गाडीसाठी एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचे एसपी हे २०२० पासूनचे वर्गीकरण आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) छोट्या टर्बो इंजिनात कमी वेगाला होणारे अकाली ज्वलन आणि टायमिंग चेनची झीज या दोन्हींच्या चाचण्या त्यात आहेत, आणि एसएन हे आधीचे वर्गीकरण मागणाऱ्या गाडीतही ते चालते. डिझेल गाडीला पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असेल, तर कमी राखेचे, म्हणजे सहसा एसीईए या युरोपीय वाहन उत्पादक संघटनेच्या सी वर्गातले ऑइलच हवे, कारण ऑइलमधल्या धातुयुक्त घटकांची राख फिल्टरमध्ये साचते आणि ती जळून जात नाही. मॅन्युअलमध्ये मागितलेले मानक डब्यावर छापलेले नसेल, तर ग्रेड जुळत असला आणि ‘फुल्ली सिंथेटिक’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले, तरी तो डबा घेऊ नये.