मिठाई-नमकीनच्या काउंटरचा तयार बिलिंग संच: यंत्रं चांगली, बसवणं अर्धवट

इंदूरमध्ये आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला चौकशी केली की मिठाई-नमकीनच्या दुकानासाठी साधारण एकाच प्रकारचा संच पुढे येतो. त्यात १५ इंची टच स्क्रीनचं यंत्र, ८० मिमीचा थर्मल प्रिंटर, गल्ला, बारकोड स्कॅनर आणि ६०० व्हीएचा यूपीएस असतो. शिवाय वजनकाटा जोडून दिला जातो. भाव सांगताना विक्रेता 'बसवून देऊ' असं म्हणतो आणि दुकानदार त्या दोन शब्दांकडे लक्ष देत नाही. आमच्या मते यंत्रांना पाचपैकी चार गुण द्यावेत आणि बसवण्याला जेमतेम दोन. बसवणारा निघण्याआधी काय तपासून घ्यायचं हे दुकानदाराला ठाऊक असेल, तर ते दोनाचे चार करून घेता येतात.

सुरुवात काट्यापासून करायला हवी, कारण या धंद्यात पैसा तिथेच मोजला जातो. काट्याच्या मागे नऊ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट, म्हणजे संगणकाला वजन पाठवणारी खाच, असते. त्यातल्या कामाच्या तारा तीनच: २, ३ आणि ५. पहिल्या दोन माहिती पाठवण्या-घेण्याच्या आणि पाचवी ग्राउंडची. स्क्रीनवर वजन अजिबात येत नसेल तर २ आणि ३ उलटसुलट झाल्या आहेत का, हे आधी पाहावं. वजनाच्या जागी अगम्य चिन्हं येत असतील तर माहिती पाठवण्याचा वेग (बॉड रेट) जुळलेला नाही. बहुतेक काटे ९६०० वेग, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट या मांडणीवर चालतात. काही २४०० किंवा ४८०० वर असतात. इतपत सगळे करतात.

चुकतं ते याच्या पुढे. काटा सेकंदाला अनेकदा वजन पाठवत राहतो. पलडा हलत असतानाचं वजनही त्यात असतं आणि स्थिर झालेलंही. स्थिर वजनासोबत काटा एक वेगळी खूण पाठवतो. सॉफ्टवेअरमध्ये ती खूण ओळखायची मांडणी केलेली नसेल, तर घाईत बटण दाबल्यावर हलत्या पलड्याचा आकडा बिलात जातो. परीक्षा सोपी आहे: १ किलोचं मुद्रांकित वजन पलड्यावर जरा आपटून ठेवा आणि लगेच 'वजन घ्या' दाबा. असं दहा वेळा करा. दहाही वेळा १.००० आलं तरच जोडणी पुरी झाली असं माना. राखीच्या गर्दीत हा दोष दिसत नाही, महिनाअखेर मालाचा ताळा बसत नाही तेव्हा दिसतो.

डब्याचं वजन वजा करणं, म्हणजे टेअर, हेही बसवतानाच ठरवून घ्यावं. रिकामा डबा ६० ग्रॅमचा आणि मिठाई ८०० रुपये किलोची असेल, तर टेअर न केल्यास गिऱ्हाईक डब्याचे ४८ रुपये देतं. नापतौल (वैधमापन) विभागाच्या दृष्टीने हा सरळ गुन्हा आहे. अर्धा किलो, एक किलो अशा प्रत्येक डब्याचं टेअर सॉफ्टवेअरमध्ये वेगळं भरता येतं, पण पाचशे डब्यांची नवी खेप आली की त्यातले दोन-तीन पुन्हा तोलून पाहावेत. पुठ्ठा बदलतो.

आणखी एक गोष्ट, ही मात्र फार गंभीर. जुन्या काट्याला पोर्ट नसला की काही बसवणारे काटा उघडून आत पोर्ट डकवून देतात. त्यात नापतौलचं सील तुटतं. सील तुटलेला काटा पुन्हा पडताळणी आणि मुद्रांकन होईपर्यंत विक्रीसाठी वापरता येत नाही. पोर्ट असलेलाच काटा घ्यावा, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यायची असते, ती तारीख यंत्रावर चिकटवून ठेवावी.

काटा आणि संगणक यांच्यामधला यूएसबी कन्व्हर्टर ही संचातली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त तक्रारींचं मूळ. जुन्या किंवा नकली चिपचा कन्व्हर्टर विंडोजने ड्रायव्हर बदलला की 'कोड १०' दाखवून बंद पडतो. एफटीडीआय चिपचा घ्यावा, पैसे थोडे जास्त पडतात. तो दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोजने त्या जोडणीला दिलेला, क्रमांक बदलू शकतो आणि 'काटा मेला' असा फोन जातो. म्हणून कन्व्हर्टरवर आणि त्याच्या खाचेवर एकाच रंगाची टेप लावून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीजबचतीची खूणही काढायला लावा. ती राहिली तर दुपारच्या शांत वेळेनंतर काटा जागा होत नाही.

आता वीज. संच बसवणाऱ्याकडे मल्टीमीटर नसेल तर त्याला परत पाठवावं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये २ व्होल्टपेक्षा कमी, असे तीन आकडे यायला हवेत. तिसरा आकडा ५ च्या वर असेल तर वायरमनला बोलवा, संच नंतर लावा. जुन्या बांधकामात बोर्डाला तिसरं भोक असतं, पण मागे तारच जोडलेली नसते. अशा ठिकाणी यंत्राच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, कारण पॉवर सप्लायच्या गाळणीतले कपॅसिटर पत्र्यावर मुख्य विजेच्या दाबाच्या (व्होल्टेजच्या) निम्म्याइतका दाब आणून ठेवतात. हा दाब यूएसबी आणि काट्याच्या तारांतून वाट शोधतो. प्रिंटरचा पोर्ट जळणं, टच स्क्रीनवर आपोआप बोटं उमटल्यासारखं होणं, काट्याचा आकडा नाचणं, या तीन वेगवेगळ्या तक्रारींचं कारण पुष्कळदा हे एकच असतं. मिठाईचा फ्रीज आणि बिलिंग यंत्र एका सर्किटवर नको. कंप्रेसर सुरू होतानाचा झटका ओळीत सगळ्यांना बसतो.

प्रिंटरबद्दल मात्र चांगलंच बोलावं लागेल. एप्सन किंवा टीव्हीएसचा ८० मिमीचा थर्मल प्रिंटर वर्षानुवर्षं चालणारी वस्तू आहे. ७२ मिमीच्या छपाईपट्टीत ५७६ ठिपके, म्हणजे नेहमीच्या अक्षरात ४८ अक्षरांची ओळ. ५८ मिमीच्या छोट्या प्रिंटरवर ३२ च अक्षरं बसतात, आणि मग 'काजू कतली स्पेशल', वजन, दर आणि रक्कम एका ओळीत मावत नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवू नका.

देवनागरीचं गणित वेगळं आहे. बहुतेक प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतातच. मालाची नावं मजकूर म्हणून पाठवली तर बिलावर प्रश्नचिन्हांची रांग येते. विंडोज ड्रायव्हरमार्फत चित्र म्हणून पाठवली तर नीट येतात, छपाई थोडी मंदावते. अक्षराची उंची २४ ठिपक्यांवर ठेवली तर 'श्रीखंड'मधली 'श्री' गचाळ दिसते आणि वरची वेलांटी कापली जाते. २८ ते ३० ठिपके ठेवा आणि ओळींतलं अंतर थोडं वाढवा. चाचणी बिलावर २३ ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक आणि १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक दोन्ही पाहा. दुसरा बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. मालाची यादी तयार भरून मिळाली असेल तर पाकीटबंद नमकीनवर अजून १२ टक्के लागलेत का तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ५ टक्के आहे.

यूएसबीने जोडलेला प्रिंटर दुसऱ्या खाचेत गेला की विंडोज त्याच नावाची 'कॉपी १' तयार करतं आणि सॉफ्टवेअर जुन्या नावालाच बिलं पाठवत राहतं. हाही प्रश्न रंगीत टेपेने सुटतो. मागच्या पॅकिंग टेबलावर दुसरा प्रिंटर हवा असेल तर नेटवर्कचा घ्यावा: यूएसबीची तार ५ मीटरपुढे नेऊ नये, नेटवर्कची १०० मीटरपर्यंत जाते. मात्र त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, पक्का करून घ्या. राउटरने वाटलेल्या पत्त्यावर सोडला तर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलू शकतो आणि ऑर्डर कुठेतरी हरवते. फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की स्वतःची माहिती छापतो. पत्ता पक्का केल्यावर तो कागद काढून काउंटरच्या दाराला आतून चिकटवा. आणि ते टेबल जर भट्टीच्या खोलीत असेल तर तिथे थर्मल प्रिंटर नकोच. कढईच्या उष्णतेने कागद काळा पडतो. तिथे ७६ मिमीच्या साध्या कागदावर रिबनने छापणारा एप्सन टीएम-यू२२० सारखा ठोक्याचा प्रिंटर योग्य.

देखभालीत शत्रू दोन, बेसन आणि तेल. बेसनाची भुकटी कागद ओळखणाऱ्या सेन्सरवर बसली की रोल भरलेला असूनही 'कागद संपला'चा दिवा लागतो. बिलावर उभी पांढरी रेघ आली तर हेडवर मळ आहे. प्रिंटर बंद करून हेड थंड होऊ द्या, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकाच दिशेने पुसा, वाळल्यावर लावा. रेघ तरीही तिथेच राहिली तर ठिपका जळलेला आहे, हेड बदलावं लागेल. सुरी किंवा सेफ्टी पिन हेडला लावू नये. कटर अडकून झाकण उघडत नसेल तर ओढू नका. वीज बंद करा, पुढचं छोटं कव्हर काढा आणि आतलं दातेरी चाक बोटाने फिरवून पातं मागे घ्या.

राजवाड्याच्या परिसरातल्या दुकानांनी रंगपंचमीला गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघण्याआधी संच प्लगमधून काढून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावा, प्रिंटर तर पूर्ण बांधावा. पाणी पुसता येतं, पण गुलालाची बारीक पूड कटरच्या पात्यांत आणि रोलरवर बसली की आठवडाभर बिलं गुलाबी छटेची निघतात.

कागदाचा रोल घेताना स्वतःच्याच काट्याचा उपयोग करावा. ७९ मिमी रुंद, ५० मीटर, ५५ जीएसएम (दर चौरस मीटरला ५५ ग्रॅम) असं छापलेलं असेल तर नुसत्या कागदाचं वजन सुमारे २१७ ग्रॅम यायला हवं, मधली नळी वेगळी. १९० च्या आसपास आलं तर एकतर कागद ४८ जीएसएमचा आहे किंवा लांबी कमी आहे. नखाने ओरखडा काढल्यावर काळी रेघ उमटते ती बाजू छपाईची. कोरी बिलं निघत असतील तर रोल उलटा बसला आहे.

स्कॅनर टूडी घ्यावा, मोबाइलच्या स्क्रीनवरचे क्यूआर साध्या लेझर स्कॅनरला वाचता येत नाहीत. बाकी त्यात बोलण्यासारखं काही नाही. गल्ल्याची तार प्रिंटरमध्ये जाते आणि प्रिंटरच त्याला २४ व्होल्टचा झटका देऊन उघडतो. उघडत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये २७, ११२, ०, २५, २५० हे आकडे भरलेत का पाहा. तरीही उघडला नाही तर तिसरा आकडा ० ऐवजी १ करा. प्रिंटरची ती खाच टेलिफोनच्या खाचेसारखी दिसते, पण तिथे टेलिफोनची तार कधीही लावू नये.

मुख्य यंत्रात एक फसगत आहे. बरीच स्वस्त टच यंत्रं अजूनही इंटेल सेलेरॉन जे१९०० वर येतात. हा प्रोसेसर विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही, आणि विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ज्या यंत्रावर रोजची उलाढाल आणि गिऱ्हाइकांचे नंबर राहतात, त्यासाठी हे चालणार नाही. प्रोसेसरचं नाव बिलावर लिहून मागा.

यूपीएस ही संचातली कमजोर वस्तू. आतली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. बसवतानाच प्लग काढून लांब बिल छापून पाहा: छपाईच्या क्षणी प्रिंटर ६० वॅटपर्यंत खेचतो आणि थकलेली बॅटरी नेमकी तेव्हाच मान टाकते. बॅटरीवर मार्करने तारीख लिहा.

वार्षिक देखभाल कराराच्या कागदावर 'सर्व भागांसह' असं असलं तरी खाली बारीक अक्षरांत हेड, कटर, अडॅप्टर आणि बॅटरी वगळलेली असतात, म्हणजे जे झिजतं तेच वगळलेलं. हे चार शब्द नावानिशी करारात घालून घ्या, किंवा तेवढे पैसे कमी करा. किती तासांत माणूस येईल आणि यंत्र दुकानाबाहेर नेलं तर बदली यंत्र मिळेल का, हेही आकड्यांत लिहून घ्या. वर्षाला दोन सर्व्हिसिंग असतील तर एक राखीच्या १५ दिवस आधीची मागा, कारण तिथून गणपती, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (सजवलेल्या चित्ररथांची) रात्र आणि दिवाळीपर्यंत काउंटरवरची यंत्रं उघडायला सवड मिळत नाही. दुसरी रंगपंचमीनंतरच्या आठवड्यातली.