६५ वॉटचा तीन पोर्टवाला चार्जर: पावसाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत वापरून

घेतलेल्या चार्जरचं एक पोर्ट वॉरंटीत असतानाच बंद पडलं. त्याच्या जागी कंपनीकडून बदली पीस हातात आला, थोडे दिवस वापरूनही झाला, म्हणून आता सविस्तर लिहिते. चार्जर नेहमीचाच: गॅन (गॅलियम नायट्राइडचे भाग वापरलेला, म्हणून आकाराने छोटा), ६५ वॉट, दोन टाइप-सी, एक जुनं यूएसबी-ए. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. जे सांगायचंय ते या वर्गातल्या बहुतेक चार्जरना लागू आहे.

आमचं गोरेगावचं वन बीएचके जुन्या सोसायटीतलं आहे. वायरिंग झालं त्या काळात हॉलमध्ये दोन प्लगपॉइंट पुष्कळ वाटत असणार. एक टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सने अडवलाय, दुसऱ्यावर अख्खं घर. ह्यांचा सॅमसंग, माझा वनप्लस, सासूबाईंचा फोन आणि बीपी मशीन, लेकीचा टॅब आणि अभ्यासाचा यूएसबीवर चालणारा दिवा, माझा ऑफिसचा लॅपटॉप, टीव्हीची स्टिक (टीव्हीत खोचायची, ॲपवरच्या मालिका दाखवणारी). आधी चार यूएसबी-ए पोर्टचा जुना ठोकळा होता. तो सगळं हळूहळू का होईना, पण भरायचा. ह्यांचा लोकलचा पास मोबाइलमध्ये असतो, सकाळी फोन अर्धामुर्धा भरलेला असला की संध्याकाळी टीसीसमोर पंचाईत. म्हणून फास्ट चार्जर आणला.

पहिल्या महिन्यात मी याचं सगळ्यांना कौतुक सांगत होते. हातात मावेल एवढा चार्जर, आणि लॅपटॉपचा विटेएवढा अडॅप्टर बॅगेतून गेला. एकट्या लॅपटॉपला जोडला की काम उत्तम. ह्यांच्या फोनवर ‘सुपर फास्ट चार्जिंग’ असं दिसतं, कारण यात पीपीएस आहे, म्हणजे फोनला हवा तसा व्होल्टेज बारीक टप्प्यांत कमी-जास्त करायची सोय. सॅमसंगवाल्यांनी हा शब्द डब्यावर शोधायचाच. नुसतं पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरची फास्ट चार्जिंगची सर्वसाधारण पद्धत) असेल तर फोन भरतो, पण तो संदेश येत नाही आणि वेळ जास्त लागतो. माझ्या वनप्लसला मात्र यावर त्याचा पूर्ण वेग मिळत नाही. सुपरवूक ही त्यांची स्वतःची पद्धत, त्यांचाच चार्जर आणि त्यांचीच वायर हवी. हे मला चालतं, मी रात्री लावते.

कटकट सुरू होते दुसरं उपकरण जोडल्यावर.

लॅपटॉप चार्ज होत असताना कुणी दुसऱ्या पोर्टला फोन लावला, की चार्जर एक-दोन सेकंद सगळ्याच पोर्टची वीज तोडतो आणि मग नव्याने वाटणी करून परत सुरू करतो. फोन काढला की पुन्हा तेच. फोनला याचं काही वाटत नाही, एकदा टिंग वाजतं आणि चार्जिंग चालू राहतं. पण आमच्या घरी प्लगपॉइंट वाचवायचा म्हणून टीव्हीची स्टिक या चार्जरच्या यूएसबी-ए पोर्टवर होती. तिला स्वतःची बॅटरी नसते. वीज गेली की स्क्रीन काळी, मग कंपनीचं चिन्ह, मग होम स्क्रीन, मग ॲप पुन्हा उघडा, मालिका पुन्हा शोधा. सासूबाईंची मालिका ऐन रंगात आलेली आणि लेकीने टॅब लावला की आतून आवाज यायचा, "अगं, परत गेलं बघ टीव्हीचं!" मी म्हणायचे, "आई, वीज गेलेली नाही, चार्जरमुळे होतंय." त्यांना ते पटायचं नाही, आणि का पटावं? दिवे चालू, पंखा चालू, फक्त टीव्ही बंद.

तीच गत अभ्यासाच्या दिव्याची. तो मिणमिणत नाही, सरळ विझतो आणि परत लागतो. लेक गणित सोडवत असताना हे संध्याकाळी कितीदा तरी व्हायचं.

मला सर्वात जास्त त्रास ऑफिसच्या मीटिंगमध्ये झाला. माझ्या लॅपटॉपला दोनच टाइप-सी आहेत, म्हणून मी हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) वापरते. चार्जरची वायर हबला, हब लॅपटॉपला, आणि त्याच हबमध्ये लॅनची, म्हणजे इंटरनेटची, केबल. चार्जरने वीज तोडली की हब क्षणभर बसतो, लॅन सुटते आणि मी मीटिंगच्या बाहेर. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून तो बंद पडत नाही, पण समोरच्या माणसाला ते काय माहीत. क्लायंटसमोर दर थोड्या वेळाने "आवाज येतोय का" विचारायची वेळ का यावी? कारण काय, तर घरात कुणीतरी फोन चार्जिंगला लावला.

हे बिघाड म्हणून होत नाही, हे नीट समजून घ्या. यूएसबी पीडीमध्ये चार्जर आणि उपकरण आधी आपसात ठरवतात: ५, ९, १५ की २० व्होल्ट, आणि किती अँपिअर. दुसरं उपकरण आलं की आधीच्याला दिलेला शब्द कमी करावा लागतो. वीज न तोडताही नवा करार करता येतो, पीडीमध्ये ती सोय आहे. पण स्वस्तात बसवायचं म्हणून पुष्कळ चार्जर सरळ सगळं बंद करून पहिल्यापासून बोलणी सुरू करतात. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर नळ सोडला की वरच्यांची धार बारीक होते, इथे तर वरच्यांचा नळच आधी बंद करतात. जुना यूएसबी-ए ठोकळा हे कधीच करत नव्हता. तिथे सगळीकडे कायम ५ व्होल्ट, कुणी कुणाशी बोलायचं नाही, म्हणून कुणाची वीज तुटायची नाही.

दुसरी गोष्ट वाटणीची. डब्यावर पुढे मोठ्या अक्षरात ६५ वॉट. मागे बारीक अक्षरात जे लिहिलंय ते खरं. सी-१ (पहिलं टाइप-सी पोर्ट) एकटं: ६५. सी-१ आणि सी-२: ४५ आणि २०. तिन्ही वापरले तर सी-१ ला ४५, आणि सी-२ व ए या दोघांत मिळून १५. म्हणजे ५ व्होल्ट, ३ अँपिअर, दोघांनी वाटून घ्यायचे. टीव्हीची स्टिक ए-वर असेपर्यंत ह्यांच्या सॅमसंगला सी-२ वर फास्ट चार्जिंग मिळणारच नाही, कितीही भारी वायर आणा. आणि पुष्कळ चार्जर वाटणी करतात ती कोण जोडलंय ते बघून, कुणाला किती हवंय ते बघून नाही. शंभर टक्के भरलेला फोन लटकत असला तरी तो आपला हिस्सा अडवून बसतो. भरला की काढायचा, हा नियम मी घरात लावलाय.

वायरीचंही याच जातीचं. ६५ वॉट म्हणजे २० व्होल्ट गुणिले ३.२५ अँपिअर. साध्या टाइप-सी वायरीतून ३ अँपिअरच जातात, त्यामुळे तिच्यावर ६० वॉटच मिळणार. त्याहून जास्त हवं असेल तर ५ अँपिअरची, आत ई-मार्कर चिप (वायर किती अँपिअर झेपवते ते चार्जरला सांगणारी) असलेली वायर लागते. डब्यात वायर नव्हती, ती वेगळी घ्यावी लागली, तो खर्च किमतीत धरा.

भाऊजींकडे १०० वॉटचा चार पोर्टवाला आहे, तो तुलनेसाठी काही दिवस आणून वापरला. तिथे लॅपटॉप आणि फोन दोघांनाही भरपूर मिळतं, वाटणीची तक्रार नाही. पण वीज तोडण्याची सवय तीच. वॉट वाढले म्हणून ही खोड जात नाही. शिवाय वजन. आमच्या जुन्या बोर्डाच्या सॉकेटमधल्या पट्ट्या सैल झाल्यात. दोन पिनांचा एवढा जड ठोकळा त्यात पुढे झुकतो, आणि बोटाने वर दाबला की आत चरचर ऐकू येते. ती चरचर म्हणजे ठिणगी. तिथे गरम होतं, पीन काळी पडते, आधीच गरम असलेल्या चार्जरवर वेगळा ताप. जड चार्जर घेणार असाल तर भिंतीत खोचायचा नाही, स्वतःची मेनची वायर असलेला, टेबलावर ठेवायचा घ्या. नाहीतर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट बदलून घ्या. मोठ्या चार्जरच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

आता बिघाडाकडे येते. नवरात्रात सी-१ ने लॅपटॉप ओळखणं बंद केलं. सी-२ आणि ए चालू. वायर बदलून पाहिली, सॉकेट बदलून पाहिलं, ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर पाहिलं. वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिसवाल्यांनी आधी बिल मागितलं, मग डब्यावरचा सीरियल नंबर, मग चार्जर कुरियरने पाठवायला लावला, तोही माझ्या खर्चाने. त्यानंतर फोन, "मॅडम, पिनवर जळल्याची खूण आहे, फिजिकल डॅमेज धरतात, वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, पीन मेनच्या बाजूला आहे, बंद पडलंय ते सी-१ पोर्ट, आणि बाकीचे दोन पोर्ट त्याच पिनवरून व्यवस्थित चालतात. मग पिनचा दोष कसा? त्यावर उत्तर नाही, फक्त "वर कळवतो". आठवडे गेले. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. बिल, व्हिडिओ आणि त्यांचे ईमेल जोडले. त्यानंतर हालचाल झाली आणि दिवाळीनंतर बदली पीस आला. कुरियरचे पैसे काही परत आले नाहीत. डबा टाकू नका, त्यावरचा नंबर आणि बिल यांचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

बदली पिसाबद्दल मात्र मत सुधारावं लागतंय. मॉडेलचं नाव तेच, पण मागची वाटणीची ओळ वेगळी छापलीय आणि वागणंही वेगळं आहे. यात सी-१ वर लॅपटॉप असताना ए-मध्ये काही लावलं तर लॅपटॉपची वीज तुटत नाही. सी-२ मध्ये लावलं तर अजूनही तुटते. म्हणजे कंपनीला हा त्रास ठाऊक आहे आणि अर्धा सोडवलाय. पहिल्या पिसाला मी दोन तारे दिले असते, याला साडेतीन देते. दुकानात मात्र जुना माल आणि नवा माल एकाच नावाने मिळतोय, म्हणून ती मागची ओळ वाचल्याशिवाय घेऊ नका.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. सगळे पोर्ट टाइप-सी असलेला चार्जर घरासाठी घेऊ नका. सासूबाईंच्या बीपी मशीनला टाइप-सीचं तोंड आहे, पण दोन्हीकडे सी असलेल्या वायरीने ते चार्जच होत नाही. टाइप-सी पोर्ट समोरच्या उपकरणातला ५.१ किलोओमचा रेझिस्टर ओळखल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि स्वस्त वस्तूंमध्ये तो बसवलेलाच नसतो. ट्रिमर, डास मारायची रॅकेट, छोटे स्पीकर यांच्यातही हे होतं. वस्तू बिघडलीय समजून फेकू नका, ए-टू-सी वायर लावा, चालते.

रिकामा चार्जर चालू राहिला की बिल वाढतं म्हणून आमच्याकडे रात्री बटणं बंद करायची शिस्त आहे. हिशोब करून पाहिला. रिकामेपणी ०.३ वॉट धरला तरी वर्षाला अडीच युनिटांच्या आसपास. ५००० एमएएचचा फोन एकदा भरायला नुकसानीसकट २५ वॉट-तासांच्या आसपास लागतात, म्हणजे एका युनिटमध्ये चाळीसेक वेळा. बिलासाठी बटण बंद करण्यात फारसं हशील नाही. सैल सॉकेट असेल तर जरूर बंद करा, ते आगीच्या भीतीने.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर याच वॉटचे बिननावाचे चार्जर निम्म्या भावात मिळतात. मी पैसा जपूनच खर्च करते, पण तिथे नाही. चार्जरवर ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) खुणेसोबत. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर नोंदणी आहे ते कळतं. दुकानातच, पैसे द्यायच्या आधी टाकून बघायचा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर पुढच्या दुकानात जायचं.

आता घरातली मांडणी अशी आहे. जुना चार पोर्टचा ठोकळा माळ्यावरून खाली आला. टीव्हीची स्टिक, अभ्यासाचा दिवा आणि बीपी मशीन त्याच्यावर, कायम ५ व्होल्ट. स्टिक एकदाही परत चालू करावी लागलेली नाही. नवा ६५ वॉटचा माझ्या टेबलापाशी, सी-१ वर हब आणि लॅपटॉप, ए-वर माझा फोन, आणि सी-२ वर दिवसा चिकटपट्टी लावलीय. ह्यांच्यासाठी एकच पोर्टचा २५ वॉटचा, पीपीएसवाला, बेडरूमच्या सॉकेटला. या छोट्या चार्जरचा खर्च धरूनही भाऊजींच्या १०० वॉटच्या किमतीपेक्षा पैसे कमी गेले. एकाच चार्जरवर सगळं घर चालवायचंच असेल, तर दुकानदाराला एवढंच करून दाखवायला सांगा: एका पोर्टला टीव्हीची स्टिक किंवा यूएसबी दिवा लावायचा आणि बाकीच्या पोर्टना एकेक फोन लावत जायचं. दिवा विझला तर तो चार्जर आपला नाही.